जुन्या दप्तरांतून नव्या दप्तरांत

गोंदिया जिल्ह्यांतील एखाद्या धानकऱ्यास "तुमची जमीन कोठें आहे?" असें विचारलें तर तो बांधीच्या धुऱ्याकडे बोट दाखवील. सरकारी कचेरीस हाच प्रश्न केला तर ती एका कागदाकडे बोट दाखविते. दोन्ही उत्तरें खरींच. परंतु वांटणी, विक्री, कर्ज किंवा कज्जा यांपैकीं कोणताहि प्रसंग आला म्हणजे कागदावरची जमीन बोलूं लागते आणि धुऱ्यापलीकडची जमीन मुकी होते. यास्तव हा कागद ज्या दप्तरांत असतो तें दप्तर बदलण्याचा प्रसंग फार नाजूक होय. जुन्या वहींतून नव्या वहींत उतरतांना एक शून्य गळलें, एक नांव राहिलें, अथवा जुना रकाना नव्या नमुन्यांत नसला, तर जमीन जागच्या जागीं राहते आणि मालकी मात्र हलते.

आपल्या संस्थेचा, पतपेढीचा किंवा ग्रंथालयाचा व्यवहार स्वतःच्या संगणकावर चालविणाऱ्या मंडळींस हीच चिंता अधूनमधून भेडसावते. वापरांतील सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति निघते. ती बसविणें भाग असतें. आणि ती बसवितांना आंतील माहितीचा सांठा, ज्यास डेटाबेस म्हणतात, तो नव्या सांच्यांत उतरवून घ्यावा लागतो. हें काम अगदीं आधुनिक आहे अशी समजूत आहे. प्रत्यक्षांत गोंदियाच्या मातीनें तें संगणक येण्याच्या शंभर वर्षें आधींपासून पाहिलें आहे, आणि तें कसें साधतें व कसें फसतें हें तेथील जुन्या बासनांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें कोणत्याहि यंत्राच्या माहितीपुस्तकांत दिसत नाहीं.

मध्यप्रांत १८६१ सालीं निर्माण झाला. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळीं भंडारा जिल्ह्याचा भाग होता. पुढील कांहीं वर्षांत ए. जे. लॉरेन्स ह्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं भंडाऱ्याची जमाबंदी झाली, आणि पूर्वीं जे नुसते गांवचा वसूल भरीत असत त्यांस मालगुजार म्हणून गांवाची मालकी मिळाली. तोंवर पुष्कळसा व्यवहार पाटलाच्या स्मरणावर आणि गांवच्या साक्षीवर चाले. आतां प्रत्येक शेतास नंबर पडला, नकाशा निघाला, नंबरवार खसरा तयार झाला, आणि कोणतें कूळ किती धारा देतें याची यादी पटवाऱ्याच्या बस्त्यांत गेली. माणसाच्या स्मृतींतून कागदावर झालेलें हें पहिलें स्थलांतर.

त्या कागदांत एक सोपी पण मोठी शहाणपणाची युक्ति होती. गांवाची मालकी सोळा आणे धरीत, आणि हिस्सेदारांचे वांटे आणे-पैंत मांडीत. कोणाचे पांच आणे चार पै, कोणाचे अडीच आणे, असे वांटे कितीहि तुटक झाले तरी त्यांची बेरीज सोळा आण्यांस येऊन मिळालीच पाहिजे. नकल करणाऱ्यानें डुलकी घेतली असेल तर ती बेरीज त्यास तत्काळ पकडी. आज संगणकशास्त्रांत ज्यास माहितीची सुसंगति तपासणें म्हणतात तें याहून निराळें नाहीं. जुन्या सांठ्यांत जी बेरीज आहे तीच नव्या सांठ्यांत आली पाहिजे. न आली तर पुढें एक पाऊलहि टाकावयाचें नाहीं.

मात्र बेरजेंत न बसणारेहि हक्क असतात. भंडारा-गोंदियाचा मुलूख तलावांचा. कोहळी समाजाच्या लोकांनीं बांधलेले मोठे तलाव आणि गांवोगांवच्या लहान बोड्या यांवर येथील धान उभें राहतें. कोणत्या तलावाचें पाणी कोणत्या बांध्यांस कोणत्या क्रमानें द्यावयाचें, गुरांचा रस्ता कोठून जावयाचा, मासे कोणीं धरावयाचे, हा सारा रिवाज वाजिब-उल-अर्ज नांवाच्या कागदांत लिहिलेला असे. हा कागद एका माणसाच्या नांवाचा नव्हे, साऱ्या गांवाचा. जो कागद कोणा एकाचा नसतो त्याची काळजी दप्तर बदलतांना सर्वांत कमी घेतली जाते.

दुसरें स्थलांतर आलें तें स्वातंत्र्यानंतर. मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली, आणि ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारांचे गांवावरील हक्क सरकारांत विलीन झाले. तलावहि सरकारचे झाले. 'माजी मालगुजारी तलाव' ह्या लांब नांवाचा 'मामा तलाव' असा आटोपशीर उच्चार लोकांच्या तोंडीं बसला, आणि आतां सरकारी कागदांतहि तोच दिसतो. पुढें १९५४ चा मध्यप्रदेश जमीन महसूल कायदा आला. जुन्या प्रांतांत जमीन धारण करण्याचे नाना प्रकार होते. मालिक-मकबूजा, पूर्ण मौरूसी, साधा मौरूसी, अशी ती परंपरा होती. नव्या कायद्यानें त्या सर्वांस भूमिस्वामी आणि भूमिधारी ह्या दोन वर्गांत बसविलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. राज्य दोनदां बदललें तरी जमिनीचा कायदा मात्र मध्यप्रदेशचाच राहिला. तो १५ ऑगस्ट १९६७ पर्यंत चालला. त्या दिवशीं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अमलांत आली आणि भूमिस्वामी व भूमिधारी हे शब्दहि गेले. त्यांच्या जागीं भोगवटादार वर्ग १ आणि भोगवटादार वर्ग २ आले.

येथें किंचित् थांबणें जरूर आहे, कारण स्थलांतराचा खरा धोका ह्याच ठिकाणीं आहे. वर्ग १ चा भोगवटादार आपली जमीन मोकळेपणीं विकूं शकतो. वर्ग २ च्या भोगवटादारास तशी मोकळीक नसते, त्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणजे नव्या कागदावर एकाच्या जागीं दोन पडले तर शेत, मालक, क्षेत्र, आकार सर्व कांहीं बिनचूक असूनहि मुलीच्या लग्नासाठीं किंवा दवाखान्याच्या खर्चासाठीं जमीन विकावयास निघालेला मनुष्य दुय्यम निबंधकाच्या दारांतून परत फिरतो. जुन्या शब्दास नवा शब्द कोणता, ह्याचें कोष्टक संहितेच्या कलम २९ मध्यें कायद्यानेंच दिलें आहे. भूमिस्वामीपैकीं ज्याच्या हस्तांतरणावर निर्बंध नव्हता तो वर्ग १, ज्याच्यावर निर्बंध होता तो वर्ग २. पण कोणावर निर्बंध होता हें नुसत्या 'भूमिस्वामी' ह्या शब्दावरून कळत नाहीं. त्यासाठीं मूळ नोंद उघडून वाचावी लागते. म्हणूनच विदर्भांत १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल आजहि लोक तहसीलींतून मागून घेतात. नवा कागद कितीहि देखणा असला तरी वाद पडला म्हणजे ते जुन्याकडे वळतात. जुनी वही त्या वेळीं फाडून टाकली नाहीं, बासनांत बांधून ठेवली, हें कोणा अनामिक अव्वल कारकुनाचे उपकार म्हणावयास हरकत नाहीं.

मापें बदललीं तींहि ह्याच सुमारास. मध्यप्रांतांत क्षेत्र एकर व डिसमिल यांत लिहीत. दशमान पद्धतीनंतर हेक्टर व आर आले. एक एकर म्हणजे सुमारें ४०.४७ आर. हिशेब शाळेंतल्या मुलासहि येईल इतका सोपा, आणि तेथेंच फसगत. समजा, पांच एकरांच्या गटाचे चार भावांत सवासवा एकराचे चार सारखे वांटे आहेत. पूर्ण गट २.०२ हेक्टर होतो. पण प्रत्येक वांटा निरनिराळा रूपांतरित करून जवळच्या आरापर्यंत नेला तर ०.५१ हेक्टर येतो, आणि चारांची बेरीज २.०४ होते. कागदावर दोन आर, म्हणजे दोनशें चौरस मीटर जमीन, आकाशांतून पडली! हातानें लिहिणारा पटवारी अशा वेळीं एकाच्या वांट्यांतून दोन आर कमी करी किंवा तसेंच सोडून देई. यंत्र दोहोंपैकीं कांहींच करीत नाहीं. तें अडून बसतें. जुन्या सातबाऱ्यांवरील एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ बसत नाहीं ही तक्रार पुढें संगणकानें जेव्हां उघडी केली, तेव्हां दोष संगणकाचा म्हणून गांवोगांव ओरड झाली. दोष पन्नास वर्षांपूर्वींचा होता. फक्त दिवा आतां लागला होता.

जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्यें सुरू झाली. २००८ मध्यें तिला राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाचें रूप मिळालें. आरंभीं प्रत्येक तालुक्याचें संगणकीय दप्तर तालुक्यांतच असे. तहसील कचेरीच्या एका खोलींत यंत्र, त्यांत त्या तालुक्याचे सातबारे, आणि शेजारीं तलाठ्याच्या हस्ताक्षरांतील मूळ वही. दोन्ही एकाच वेळीं चालत. फेरफार वहींत होई आणि संगणकांत यावयाचा राही, किंवा संगणकांत होऊन वहींत यावयाचा राही. एकाच सत्याच्या दोन प्रती ठेवल्या आणि दोहोंतहि लिहावयाची मुभा दिली म्हणजे थोड्याच दिवसांत दोन सत्यें तयार होतात. स्थलांतराच्या दिवशीं जुनें दप्तर वाचण्यासाठीं उघडें आणि लिहिण्यासाठीं बंद ठेवावें, हा जो नियम जाणते लोक सांगतात त्याचें कारण हेंच.

दुसरी अडचण अक्षरांची. संगणकास 'क' ठाऊक नसतो, त्यास अंक ठाऊक असतो. कोणत्या अंकास कोणतें अक्षर समजावयाचें याचा संकेत ठरवावा लागतो. देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठीं असा संकेत 'इस्की' ह्या नांवानें भारतीय मानक म्हणून १९९१ मध्यें मान्य झाला, आणि त्याच वर्षीं जगांतील लिप्यांस एका सूत्रांत ओंवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तरी प्रत्यक्ष व्यवहारांत निरनिराळ्या फॉन्टांचे निरनिराळे संकेत पुष्कळ वर्षें नांदत राहिले. अशा सांठ्यांतील मजकूर रूपांतर न करतां युनिकोडच्या सांठ्यांत ओतला तर शेतकऱ्याच्या नांवाच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांग उमटते. हा दोष निदान डोळ्यांस दिसतो. न दिसणारा दोष अधिक वाईट. गोंदियाकडे 'रहांगडाले' हें आडनांव घरोघर आढळतें. एका वर्षीं तें असें लिहिलें, दुसऱ्या वर्षीं 'राहांगडाले' झालें. मनुष्य वाचील तेव्हां हंसून पुढें जाईल. संगणकाच्या लेखीं मात्र हीं दोन माणसें, दोन खातीं आणि दोन वारस.

इकडे १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगांव, आमगांव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगांव असे आठ तालुके त्यांत आहेत. त्या दिवशीं एकहि बांधी हलली नाहीं, एकाहि शेताचा मालक बदलला नाहीं. बदललें तें फक्त प्रत्येक कागदाच्या माथ्यावरचें जिल्ह्याचें नांव. ज्यास संगणकाच्या परिभाषेंत कॉन्फिगरेशन म्हणतात तें असें असतें. ती नोंद नव्हे, नोंदी कशा वाचावयाच्या याचा नियम असतो. जिल्हा कोणता, गांवाचा संकेतांक कोणता, क्षेत्राचें माप कोणतें, सही कोणाची चालेल, हें सर्व ह्या नियमांत येतें. डेटाबेस सुरक्षित आणला आणि हे नियम जुनेच राहिले तर प्रत्येक नोंद खरी असूनहि साऱ्या दप्तराचा अर्थ खोटा होतो. उलट, नव्या आवृत्तीबरोबर आलेले तयार नियम डोळे झांकून लावले तर स्वतःच्या कचेरीच्या खास व्यवस्था पुसल्या जातात. म्हणून नियमांचा कागद वेगळा जपावा लागतो, आणि जुना व नवा शेजारीं शेजारीं ठेवून ओळीनें वाचावा लागतो. हें काम कंटाळवाणें आहे खरें. ज्यांस याचा कंटाळा येतो त्यांनीं दप्तराची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी हें बरें.

पुढें ई-फेरफार प्रणाली आली. तालुक्यातालुक्यांच्या यंत्रांत विखुरलेलें दप्तर एका मध्यवर्ती व्यवस्थेखालीं आणावयाचें, सर्व मजकूर युनिकोडमध्यें करावयाचा, आणि यापुढें फेरफार थेट तेथेंच व्हावयाचे, असा तो बेत. राज्यांतील सातबारे सुमारें अडीच कोटि. एवढें दप्तर हलविण्याआधीं पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या कार्यालयानें जी रीति घालून दिली ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. प्रथम तलाठ्यानें संगणकांतला सातबारा छापून हस्तलिखिताशीं ताडून पाहावयाचा. चुका आढळतील त्या 'एडिट मॉड्यूल' नांवाच्या सोयींतून दुरुस्त करावयाच्या. मग २०१७ मध्यें गांवोगांव चावडीवाचन झालें. छापलेले उतारे गांवकऱ्यांसमोर वाचून दाखविण्यांत आले, हरकती घेण्यांत आल्या, आणि त्या 'री-एडिट' ह्या दुसऱ्या फेरींत निस्तरण्यांत आल्या. त्यानंतर महसुली अधिकाऱ्यांनीं घोषणापत्र करावयाचें, कीं ह्या गांवाचें संगणकीय दप्तर हस्तलिखिताशीं जुळतें. आणि मगच हस्तलिखित सातबारा देणें बंद व्हावयाचें. दिवसा सर्व्हर मंद चालतो म्हणून रात्रीं जागून काम करावें लागतें ही तलाठ्यांची तक्रार त्या काळीं राज्यभर ऐकूं येत असे, आणि ती रास्तहि होती.

संगणकांतील नोंदींची संख्या जुळली, बेरीज जुळली, तरी ज्याची जमीन त्याचें नांव बरोबर आहे कीं नाहीं हें कोणतेंहि यंत्र सांगूं शकत नाहीं. तें सांगणारा पारावर बसलेला असतो. वडील जाऊन दहा वर्षें झालीं तरी उताऱ्यावर त्यांचेंच नांव आहे, बहिणीचें नांव वारसांत आलेंच नाहीं, सोसायटीचें कर्ज फिटलें पण बोजा 'इतर हक्क' ह्या रकान्यांत तसाच आहे, हें वाचतां क्षणीं ओळखावयास त्याच गांवचा कान लागतो. चावडीवाचन प्रत्येक गांवीं सारख्याच गांभीर्यानें झालें असें मात्र म्हणवत नाहीं. कोठें सारा गांव जमला, कोठें चार माणसांपुढें घाईघाईनें पानें उलटलीं गेलीं, आणि तेथील चुका घोषणापत्राच्या पलीकडे जाऊन पोंचल्या.

परतीची वाट मोकळी न ठेवणाऱ्यांचें काय होतें याचें एक उदाहरण त्याच वर्षीं सातासमुद्रांपलीकडे घडलें. गिटलॅब ही प्रोग्रॅमर लोकांचें लिखाण सांभाळणारी नामांकित कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजीं तेथील एका अभियंत्यानें दुरुस्तीच्या धांवपळींत भलत्याच यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली आणि चालू डेटाबेस जवळजवळ नाहींसा झाला. बॅकअप काढण्याचे पांच निरनिराळे उपाय त्यांनीं योजले होते. वेळेला त्यांतला एकहि धडपणें उपयोगीं पडला नाहीं. त्यांपैकीं एकाची गोष्ट तर फारच बोधक आहे. डेटाबेसची आवृत्ति वाढवून ९.६ करण्यांत आली होती, परंतु बॅकअप काढणारें हत्यार ९.२ ह्या जुन्याच आवृत्तीचें चालत होतें. तें रोज निमूटपणें अपयशी होई, आणि अपयशाची सूचना देणारीं पत्रें वाटेंतच नाकारलीं जात. सुदैवानें सुमारें सहा तास आधीं एकानें हातानें एक प्रत काढून ठेविली होती; तिच्यावरून कारभार पुन्हां उभा राहिला, पण मधल्या सहा तासांतलें पुष्कळ काम कायमचें गेलें. कंपनीनें ही सारी फजिती न लपवितां जगापुढें मांडली, दुरुस्तीचें काम चालू असतां तें लोकांस प्रत्यक्ष पाहूं दिलें, हें तिचें भूषण. प्रत आहे असें मानणें आणि त्या प्रतीवरून एकदां दप्तर उभें करून पाहणें यांतलें अंतर तिनें भारी किंमत देऊन मोजलें. जाणता माणूस म्हणूनच आधीं वेगळ्या यंत्रावर जुन्या प्रतीवरून सारें दप्तर मांडतो, नवी आवृत्ति तेथें चढवून पाहतो, लागलेला वेळ व अडलेल्या जागा टिपून घेतो, आणि मगच चालू दप्तरास हात घालतो.

महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. २०२० मध्यें सातबाऱ्याचा नमुनाहि बदलला आणि गांवाच्या नांवाबरोबर त्याचा संकेतांक त्यावर आला. ज्या चुका चावडीवर पकडल्या गेल्या नाहींत त्यांसाठीं संहितेच्या कलम १५५ चा दरवाजा उघडा आहे. लेखनांतली चूक असेल, किंवा संबंधितांस मान्य असलेली चूक असेल, तर तहसीलदार आदेश देऊन ती दुरुस्त करतो. अर्थात् चूक होती हें दाखवावयास अर्जदारास पुन्हां तीच जुनी वही लागते.

वाजिब-उल-अर्जाचें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. संहितेनें विदर्भापुरतीं कलमें १६१ ते १६७ ठेवून निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांस कायद्यांत जागा दिली आहे. त्यांचें अस्तित्व संपलेलें नाहीं. परंतु सातबारा हा एका गटाचा आणि त्याच्या भोगवटादाराचा कागद. साऱ्या गांवाचा पाण्याचा क्रम, गुरांची वाट, तलावांतील मासळी यांस त्या नमुन्यांत स्वतःचा रकाना नाहीं, आणि जी सोय नमुन्यांत नाहीं ती नुसत्या सातबाऱ्यांच्या स्थलांतरांत यावी कोठून? पावसानें ओढ दिली आणि मामा तलावाचें पाणी आधीं वरच्या बांध्यांस कीं खालच्या, असा तंटा पाळीवर उभा राहिला, म्हणजे मोबाईलवर काढलेला सातबारा दोन्ही पक्षांच्या हातांत असतो. मग एखादा म्हातारा सांगतो कीं हें त्यांत मिळावयाचें नाहीं, त्याचा कागद वेगळा आहे. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोघेतिघे नकलेचा अर्ज घेऊन तहसीलीच्या रस्त्यास लागतात.